हार्ड डिस्कवरूनच लिनक्स : स्वावलंबनाचा एक धडा

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आजच्या मेळाव्यात संगणकाविषयी बोला असे मला सांगण्यात आले तेव्हा मी प्रथम नकार दिला. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. संगणकाचे शास्त्र मी कोठे शिकलेलो नाही. पण आपले चिटणीस म्हणाले, "अभ्यासिकेतल्या त्या दोन संगणकांची हकिगत सांगा. काय जमले ते सांगा आणि काय चुकले तेही सांगा." जे चुकले ते माझ्या हातून चुकले. ते दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा मीच सांगावे, म्हणून उभा राहिलो आहे.

आपल्या अभ्यासिकेत देणगीदाखल मिळालेले दोन संगणक बरीच वर्षे आहेत, हे आपण जाणताच. दोन्ही एकाच बनावटीचे. प्रत्येकाला ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि २ जीबी मेमरी. त्यांवर विंडोज ७ ही कार्यप्रणाली होती आणि शेजारी कोणीतरी कधीकाळी टाकून ठेवलेली लिनक्सची एक जुनी आवृत्तीही होती. विंडोज ७ ला कंपनीकडून मिळणारे सुरक्षेचे पाठबळ १४ जानेवारी २०२० रोजी संपले. त्यानंतर नवे ब्राउझर त्यावर चालेनासे झाले. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांचे अर्ज, प्रवेशपत्रे यांसाठी पैसे मोजून बाहेर जावे लागू लागले. अभ्यासिकेत दोन संगणक असून मुले बाहेर रांगेत उभी, ही गोष्ट आपल्या कार्यकारिणीला खटकत होती.

नवी विंडोज घालावी तर विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी आणि टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते. आपल्या यंत्रांत दोन्ही नाहीत. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळही ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले. म्हणजे यंत्रे भंगारात द्यायची किंवा लिनक्सचा मार्ग धरायचा, एवढेच शिल्लक होते.

लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू नावाचा प्रकल्प जाहीर केला. संगणकाची आज्ञावली प्रत्येकाला वापरता यावी, तिचा अभ्यास करता यावा, ती दुसऱ्याला देता यावी आणि तिच्यात सुधारणा करता यावी, हा त्यामागचा विचार होता. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा एक विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स, याने कार्यप्रणालीचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. तोच लिनक्स. या दोहोंच्या संगमातून अनेक संच तयार झाले. १९९३ मध्ये सुरू झालेला डेबियन हा त्यांतील एक जुना आणि भरवशाचा संच. आपल्याकडे सी-डॅकने बॉस नावाची जी भारतीय कार्यप्रणाली केली, ती डेबियनच्याच पायावर. केरळातील सरकारी शाळांतही मुले लिनक्सवर शिकतात. तेव्हा ही गरिबाच्या गळ्यात मारलेली दुय्यम वस्तू आहे, असे कोणी समजू नये. लिनक्स मोफत मिळते, हे खरे. पण मोफत असणे ही त्याची लहान बाजू आहे. ते मुक्त आहे, ही मोठी.

आता मूळ विषयाकडे येतो. लिनक्स घालण्याची नेहमीची रीत म्हणजे त्याची फाइल पेन ड्राइव्हवर किंवा डीव्हीडीवर उतरवायची आणि तेथून संगणक सुरू करायचा. आपल्या दोन्ही यंत्रांची डीव्हीडी उघडझाप करण्यापुरतीच उरली होती. पेन ड्राइव्हवरून सुरू होण्यास ती जुनी यंत्रे तयार नव्हती. दुरुस्तीला न्यावे तर खर्च. तेव्हा वाचनातून मला एक तिसरा मार्ग कळला. बाहेरची कोणतीही वस्तू न लावता संगणकाच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवरूनच नवी कार्यप्रणाली घालता येते.

प्रथम मला हे पटेना. ज्या डिस्कवर घर बांधायचे, त्याच डिस्कवर उभे राहून ते बांधायचे कसे? विद्यार्थी मित्रांनो, येथे संगणक कसा सुरू होतो हे समजून घेतले पाहिजे.

बटण दाबताच यंत्रातील एक छोटी आज्ञावली जागी होते. ती डिस्कवरील दुसऱ्या आज्ञावलीला हाक मारते. लिनक्स असलेल्या यंत्रावर बहुधा तिचे नाव ग्रब असते. ग्रबचे काम देवडीवरील पहारेकऱ्यासारखे आहे. कोणाला आत सोडायचे ते तो विचारतो आणि कार्यप्रणालीचा गाभा उचलून मेमरीत आणून ठेवतो. त्याबरोबर शिदोरीसारखी आणखी एक लहान फाइल मेमरीत येते. गाभ्याच्या फाइलीला व्हीएमलिनझ म्हणतात आणि शिदोरीच्या फाइलीला इनिटआरडी. एकदा या दोन्ही मेमरीत आल्या की स्थापनेचा कार्यक्रम मेमरीतूनच चालतो. त्याला पुढचे सामान तेवढे कोठून तरी हवे असते. ते पेन ड्राइव्हवर असो, डीव्हीडीवर असो की हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात असो, त्याचे काम अडत नाही.

हार्ड डिस्कचे जे भाग पाडलेले असतात त्यांना पार्टिशन म्हणतात. एका शेताचे बांध घालून तुकडे पाडावेत तसे. एका तुकड्यात सामान ठेवायचे आणि दुसऱ्या तुकड्यात घर बांधायचे. नियम एकच. ज्या तुकड्यात सामान ठेवले आहे, त्याला काम पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. ज्या फांदीवर बसलो तीच तोडायची नाही, हे आपल्याला लहानपणापासून सांगतात. येथे ते अक्षरशः लागू पडते.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावी.

पहिली पायरी, सामान आणणे. डेबियन १३ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. तिची पूर्ण डीव्हीडीची फाइल आम्ही उतरवून घेतली. ती जवळजवळ ४ जीबीची असते. अभ्यासिकेत इंटरनेटचा भरवसा नाही, म्हणून मोठी फाइल घेतली. लहान फाइलही मिळते, पण तिला स्थापना चालू असताना इंटरनेट लागते. एक गोष्ट ध्यानात ठेवा. गाभा आणि शिदोरी या दोन फाइली त्या डीव्हीडीतल्या घेऊन चालत नाहीत. त्या शिदोरीला सामान डीव्हीडीवरच शोधायची सवय असते. डेबियनच्या भांडारात 'एचडी-मीडिया' नावाचा वेगळा कप्पा आहे. हार्ड डिस्कवर सामान शोधणारी शिदोरी त्या कप्प्यात मिळते. मराठीतून सूचना वाचायच्या असतील तर त्यातीलच 'जीटीके' हा चित्रमय उपकप्पा घ्यावा. होय, डेबियनची स्थापना मराठीतून करता येते. आणि तिन्ही फाइली एकाच आवृत्तीच्या असाव्यात. आवृत्ती वेगळी झाली की गाभा आणि सामान यांचा मेळ बसत नाही.

आपला प्रोसेसर ३२ बिटांचा तर नाही ना, तेही आधी पाहावे. तसा असेल तर डेबियन १३ त्यावर घालता येत नाही. डेबियन १२ घ्यावे लागते.

दुसरी पायरी, पडताळणी. उतरवलेली फाइल खरी आणि पूर्ण आहे का? डेबियनकडून प्रत्येक फाइलीबरोबर एक लांबलचक खूण प्रसिद्ध होते. एसएचए-२५६ पद्धतीची खूण ६४ अक्षरांची असते. आपल्या फाइलीवर तीच आकडेमोड करून आलेली खूण ताडून पाहायची. एक अक्षर जरी चुकले तरी ती फाइल टाकून द्यायची. आमच्या बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, असा शिरस्ता आहे. स्वतःची नोंद स्वतः तपासता येत नाही. म्हणून आम्ही एकाने चार-चार अक्षरे मोठ्याने वाचली आणि दुसऱ्याने बरोबर अशी खूण केली. तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना हेच समजावले होते. कोणी थोर माणूस सांगतो म्हणून किंवा पूर्वापार चालत आले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ज्या फाइलीच्या हाती आपण सगळी डिस्क सोपवणार, तिलाही ही कसोटी लावलीच पाहिजे.

तिसरी पायरी, सामान ठेवणे. तिन्ही फाइली एका रिकाम्या पार्टिशनमध्ये, सर्वांत वरच्या पातळीवर ठेवल्या. फोल्डरच्या आत फोल्डर करून खोल दडवू नयेत. स्थापनेचा कार्यक्रम प्रथम वरवरच शोधतो. तसेच पार्टिशन फॅट-३२ पद्धतीचे असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात मावत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

चौथी पायरी, ग्रबला सांगणे. संगणक सुरू करून ग्रबची यादी आली की 'सी' हे अक्षर दाबायचे. आज्ञा लिहिण्याची जागा मिळते. तेथे प्रथम कोणत्या डिस्कचे कोणते पार्टिशन ते सांगायचे. नंतर तीन आज्ञा. 'लिनक्स' लिहून गाभ्याच्या फाइलीचे नाव, 'इनिटआरडी' लिहून शिदोरीच्या फाइलीचे नाव, आणि शेवटी 'बूट'. एवढ्यावर स्थापनेचा पडदा समोर येतो. जुन्या यंत्रावर लिनक्स आधीपासून होते म्हणून ग्रब तयार मिळाले. नुसती विंडोज असेल तेथे ग्रब आधी बसवावे लागते. त्यासाठी ग्रब-टू-विन यासारखी साधने आहेत, पण सुरुवातीलाच त्या वाटेला जाऊ नका.

पाचवी पायरी, जागा निवडणे. आणि येथेच मी चुकलो.

ग्रबमध्ये डिस्क शून्यापासून मोजतात आणि पार्टिशन एकपासून. म्हणजे पहिली डिस्क शून्य, पण तिचे पाचवे पार्टिशन पाचच. लिनक्समध्ये त्याच पार्टिशनला एसडीए-५ म्हणतात. आपल्या डिस्कवर पाच, सहा आणि सात अशी तीन पार्टिशने लिनक्सच्या पद्धतीची होती. पाचमध्ये सामान होते. सहामध्ये जुने लिनक्स होते, ते पुसून नवे घालायचे होते. सातमध्ये मुलांच्या फाइली होत्या. सहा आणि सात सारख्याच आकाराची. पडद्यावर नाव नाही, गाव नाही, फक्त क्रमांक. रात्रीचे साडेनऊ झाले होते. अभ्यासिका बंद करायची घाई होती. तपासायला दुसरे कोणी नव्हते. मी सात निवडले, पुसण्याची संमती दिली आणि नवे लिनक्स त्यावर चढवले. सातबाऱ्यावर चुकीचा गट नंबर वाचून दुसऱ्याच्या उभ्या पिकात नांगर घालावा, तसे झाले.

दुसऱ्या दिवशी आपल्या वस्तीतील एक विद्यार्थिनी आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आईबापांच्या बोटाला धरून गेलेली जी मुले आज आपल्यात वृद्ध म्हणून आहेत, त्यांच्या आठवणी ती स्मरणिकेसाठी लिहून घेत होती. नऊ जणांच्या आठवणी तिने त्याच संगणकावर टंकित केल्या होत्या. त्या तिला सापडेनात. मला कळून चुकले. मी तिला खरे काय ते सांगितले. ती काही बोलली नाही, आणि ते मला रागावण्यापेक्षा जड गेले.

आम्ही तो संगणक तत्काळ बंद केला. हे फार महत्त्वाचे आहे. पुसलेल्या डिस्कवर नवे काही लिहिले गेले नाही तोवर जुन्या अक्षरांचे अवशेष राहतात. आम्ही डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि फोटोरेक नावाच्या मुक्त आज्ञावलीने शोध घेतला. मिळालेल्या फाइली तिसऱ्याच डिस्कवर उतरवल्या. ही आज्ञावली फाइलींची नावे परत देत नाही. हजारो निनावी फाइली आल्या. त्या एकेक उघडून पाहण्यात आम्ही दोघांनी चार रविवार घालवले. सहा आठवणी सापडल्या. दोन तिच्या वहीत होत्या. नववी एका आजीची होती. आजी संगणकाशेजारी बसून सांगत होत्या आणि ही मुलगी थेट टंकित करीत होती. वही नाही, ध्वनिमुद्रण नाही. त्या आजी त्यानंतर दोनच महिन्यांत निवर्तल्या. त्यांची आठवण ज्या जागी होती त्या जागी मी नवी कार्यप्रणाली लिहिली होती.

मित्रहो, १९१७ साली बाबासाहेब शिक्षण अर्धवट ठेवून लंडनहून परतले. त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती. पहिले महायुद्ध चालू होते. ती बोट टॉर्पेडोने बुडवली आणि मोठ्या कष्टाने जमवलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. ते युद्ध होते, बाबासाहेबांच्या हाती काही नव्हते. माझ्या हाती सर्व काही होते. पाचशे रुपयांचा पेन ड्राइव्ह घेऊन एक प्रत आधी काढली असती, तर ही वेळ आली नसती. तो पेन ड्राइव्ह यंत्र सुरू करण्याच्या कामाचा नव्हता, पण प्रत ठेवण्याच्या कामाचा नक्कीच होता. एवढे मला सुचले नाही. बाहेरून काही लागत नाही, या पद्धतीच्या सोयीने मी भुललो. सामान त्याच डिस्कवर, जुने तेथेच, नवे तेथेच. म्हणूनच हार्ड डिस्कवरून स्थापना करताना बाहेरची एक प्रत इतर कोणत्याही पद्धतीपेक्षा अधिक गरजेची आहे.

दुसऱ्या संगणकाचे काम आम्ही महिनाभराने केले. ते मी केले नाही, त्याच विद्यार्थिनीने केले. मी तपासनीस होतो. तिने आधी सर्व फाइलींच्या दोन प्रती काढल्या, एक अभ्यासिकेच्या कपाटात आणि एक चिटणीसांच्या घरी. मग प्रत्येक पार्टिशनला नाव दिले : 'सामान', 'नवे घर', 'मुलांच्या फाइली'. कागदावर तक्ता काढला. त्यात क्रमांक, नाव, आकार, आणि पुसायचे की राखायचे, असे रकाने केले. पडद्यावरचा क्रमांक तिने वाचायचा आणि तक्त्यावर मी खूण करायची. पुसण्याची संमती देण्यापूर्वी दोघांनी सही करायची. वीज जाण्याची भीती म्हणून शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर मागून आणला होता. सकाळी दहाला बसलो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत एक्सएफसीई हा हलका पडदा, लिबर-ऑफिस आणि मराठी कळफलक यांसह संगणक तयार झाला. डीव्हीडीपेक्षा हार्ड डिस्कवरून सामान लवकर वाचले जाते, हा फायदाही दिसला. त्या संगणकावर आजवर अनेक मुलांनी शिष्यवृत्तीचे अर्ज भरले आहेत.

तो तक्ता आता अभ्यासिकेच्या भिंतीवर लावलेला आहे. कोणीही यावे आणि पाहावे. धम्माचे एक वैशिष्ट्य एहिपस्सिको असे सांगतात : या आणि स्वतः पाहा. मुक्त आज्ञावलीची वृत्तीही अशीच आहे. तिच्यात झाकून ठेवलेले काही नाही. जो उघडून पाहील त्याला ती कळते आणि ज्याला कळली त्याने ती पुढे द्यायची. हे ज्ञानदानच आहे. आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानाची दारे बंद होती. आज एक दार उघडे आहे, पैसा मागत नाही, जात विचारत नाही. इंग्रजी माध्यमात शिकलो नाही, विज्ञान शाखा घेतली नाही, ही सबब माझ्यासारख्या कला शाखेच्या माणसाने सांगू नये आणि तुम्हीही सांगू नका.

मात्र दार उघडे आहे म्हणून आंधळेपणाने धावत सुटू नका. मी आज आपल्याला तीनच गोष्टी सांगून थांबतो. पारखल्याशिवाय घेऊ नका. प्रत काढल्याशिवाय पुसू नका. आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी तपासल्याशिवाय संमती देऊ नका.

त्या आजींची आठवण त्या विद्यार्थिनीने पुन्हा लिहिली आहे. ती याच स्मरणिकेत आपल्याला वाचावयास मिळेल. ती लिहिताना तिने वर स्पष्ट नमूद केले आहे : मूळ मजकूर नष्ट झाला असून हे स्मरणाने लिहिले आहे. तिने माझे नाव घातले नाही. ते मी आज येथे सांगितले.



नमो बुद्धाय! जय भीम!